४२ अंशांत गेमिंगचा लॅपटॉप

बारावीचा निकाल लागला, अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या याद्या आल्या, की बीडच्या सुभाष रोडवर संगणकाच्या दुकानांत एक ठरावीक जोडी दिसू लागते. मुलगा पुढे, बाप मागे. मुलाला ग्राफिक्स कार्डांची नावं तोंडपाठ, बापाला खिशातली रक्कम. "भाऊ, हे अभ्यासाला चालतंय ना?" "मामा, ह्याच्यावर ऑटोकॅड पण पळतंय अन् सॉलिडवर्क्स पण. चार वर्षं बघायचं काम नाही." मुलगा फरशीकडे बघत गप्प. कीबोर्डाखाली लाल-निळे दिवे लागणारं हे यंत्र रात्री अकरानंतर कोणता अभ्यास करणार, हे तिघांनाही ठाऊक असतं.

त्यात फसवणूक फारशी नाही. त्रिमितीय आराखडे, व्हिडिओचं संपादन आणि गेम या तिन्ही कामांना लागणारं यंत्र जवळपास एकच असतं. लग्नाचं शूटिंग करून घरीच मिक्सिंग करणारे फोटोग्राफर हेच लॅपटॉप घेतात आणि त्यावर पैसे कमावतात. खरी अडचण अशी, की निवडीबद्दल मिळणारा बहुतेक सल्ला वातानुकूलित खोलीत तपासलेल्या यंत्रांवर बेतलेला असतो. तिथे वीज जात नाही आणि बिघडलेलं यंत्र दुरुस्तीला द्यायला शंभर-सव्वाशे किलोमीटर जावं लागत नाही. बीड, गेवराई, माजलगाव, केज, आष्टी इथे हा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. माझ्या मते इथे ऊन, वीज आणि दुरुस्ती यांचा विचार आधी करावा. कार्डाचं नाव चौथ्या क्रमांकावर.

त्याआधी खेळायचं काय, हे ठरलं पाहिजे. जिल्ह्यातले बहुतेक खेळणारे फोनवर खेळतात. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाईलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याच कुळातला बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही अ‍ॅपच्या दुकानांतून उतरवला गेला आणि २०२३ मध्ये परतला. हा खेळ अधिकृतपणे फोनसाठीच आहे. लॅपटॉपवर इम्युलेटर (फोनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) घालून तो खेळायचा म्हणून ऐंशी हजार घालवू नयेत. खातं बंद पडण्याची जोखीम वर आणखी. गेम खेळून पैसे मिळवायचं स्वप्न असेल तर २०२५चा ऑनलाईन गेमिंग कायदाही माहीत असावा. पैसे लावून खेळायच्या खेळांना त्याने बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक एवढंच खेळायचं असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेताही भागतं. व्हॅलोरंटच्या किमान अटींत इंटेलच्या एचडी ४००० सारख्या फार जुन्या अंगभूत ग्राफिक्सचं नाव आहे. एएमडीच्या रेडिऑन ६८०एम, ७८०एम किंवा इंटेलच्या आर्क या अंगभूत ग्राफिक्सवर तो छान चालतो, जीटीए फाइव्हसुद्धा मध्यम सेटिंगवर खेळता येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' तर निन्टेंडोच्या स्विचसारख्या हातात मावणाऱ्या यंत्रावरही आला होता. त्यालाही राक्षसी कार्ड लागत नाही. सायबरपंक २०७७ सारखे खेळ मात्र अंगभूत ग्राफिक्सची दमछाक करतात. तेव्हा मुलाने तीन खेळांची नावं कागदावर लिहून द्यावीत, मग दुकानात जावं.

डेस्कटॉप का नको, असंही कोणी विचारतं, आणि ते रास्त आहे. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, थंड राहतो, सुटा भाग बदलता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून स्वतः जोडणारी मुलं मराठवाड्यातही आहेत. पण बीडचा मुलगा घरी राहत नाही. तो पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला किंवा लातूरला खोली करून राहतो आणि दिवाळीला, उन्हाळ्यात एसटीने घरी येतो. शिवाय वीज गेली की डेस्कटॉप जागीच मरतो. या दोन कारणांपुरता लॅपटॉपचा महागडेपणा मी मान्य करतो. ज्याला कुठेच जायचं नाही त्याने डेस्कटॉपच घ्यावा.

आता कार्ड. एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेतले आकडे पाठ करून मुलं दुकानात जातात आणि तिथेच फसतात. आकडा जातीचा असतो, ताकदीचा नव्हे. आरटीएक्स ४०५० आणि ४०६० या दोन्ही लॅपटॉप कार्डांना कंपनीनेच ३५ ते ११५ वॅट अशी मोकळीक दिली आहे. लॅपटॉप बनवणारा त्यातले किती द्यायचे ते ठरवतो. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये तेच ४०६० पंचेचाळीस वॅटवर बांधलेलं असतं, आणि जाडजूड लॅपटॉपमधलं पूर्ण वॅटचं ४०५० त्याच्या बरोबरीला येतं, कधी पुढेही जातं. ट्रॅक्टर घेताना आपण बॉनेटवरचं नाव वाचून थांबत नाही, किती एचपी ते विचारतो; इथेही तेच करायचं. दुकानदाराला विचारावं, "ह्याचं टीजीपी किती?", म्हणजे कार्डाला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात. त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या माहितीत बघावं. यंत्र सुरू असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा दिली की वॅटची मर्यादा समोर येते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्यावर कपाळाला आठी पडणारा दुकानदार असेल तर दुकान बदलावं.

नावांचे घोळ आणखी आहेत. आरटीएक्स २०५० हे नाव ३०५० च्या आधीचं वाटतं, पण लॅपटॉपचं ३०५० २०२१ च्या मध्यावर बाजारात आलं आणि २०५० त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं. चिप त्याच पिढीची, फक्त मेमरीचा रस्ता ६४ बिटांइतका अरुंद करून स्वस्तात काढलेली, चार जीबीची. डेस्कटॉपचं ४०७० आणि लॅपटॉपचं ४०७० या तर दोन वेगळ्या चिप आहेत. पहिल्यात बारा जीबी मेमरी, दुसऱ्यात आठ. डेस्कटॉपच्या कार्डाची चाचणी बघून लॅपटॉप घेणाऱ्याला हा फरक घरी गेल्यावर कळतो.

ग्राफिक्सच्या मेमरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चार जीबीचं कार्ड आज नवीन घेऊ नये. सहा जीबी ही तळाची पायरी, आठ असेल तर चार वर्षं निभतील. २०२५ मध्ये आलेल्या लॅपटॉपच्या ५०५० आणि ५०६० दोन्हींत आठ जीबी आहे, आणि ती त्यांची मोठी जमेची बाजू. जाहिरातीत फ्रेम जनरेशनचे डोळे दिपवणारे आकडे असतात. कार्ड मधल्या फ्रेम स्वतः रचून घालतं, म्हणून आकडा दुप्पट-चौपट दिसतो. पण मुळात सेकंदाला पंचवीस फ्रेमवर रखडणारा खेळ त्याने हाताला हलका लागत नाही.

प्रोसेसरवर फार वेळ घालवायची गरज नाही. नावाच्या शेवटी एच, एचएस किंवा एचएक्स असावं, यू नको. इतकं बघितलं तरी पुष्कळ. एक खाचखळगा तेवढा सांगतो. एएमडीच्या रायझन ५ ७२३५एचएस आणि रायझन ७ ७४३५एचएस यांत अंगभूत ग्राफिक्सच नाही. त्यामुळे साधं वर्ड उघडलं तरी मोठं कार्ड जागं राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. कॉलेजात दिवसभर चार्जरविना काढायचा असेल तर हे प्रोसेसर टाळावेत. घरात एका जागी खेळायचं असेल तर त्यांच्यामुळे वाचलेले पैसे चांगल्या कार्डात घालता येतात.

रॅमची गोष्ट सध्या त्रासाची झाली आहे. पूर्वी सल्ला सोपा होता: आठ जीबीचा लॅपटॉप घ्या, नंतर आठची पट्टी टाका. २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा 'नंतर टाकू' हा हिशेब आता महागात पडू शकतो. सोळा जीबी आधीपासून असलेलं मॉडेल बघावं, आणि ती दोन पट्ट्यांत विभागलेली असेल तर उत्तम, कारण एकाच पट्टीवर चालणारं यंत्र खेळात मागे पडतं. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर दोन पट्ट्या हव्यातच, कारण त्याचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

पडदा १४४ हर्ट्झचा आता सगळेच देतात. त्याहून महत्त्वाचे रंग. स्वस्त मॉडेलांत '४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तो पडदा फिका दिसतो. मिक्सिंगवाल्यांनी १०० टक्के एसआरजीबीखाली उतरू नये, नाहीतर नवरीचा शालू पडद्यावर एक आणि छापून आल्यावर दुसराच.

आता उन्हाळा. बीडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, ४२ अंश हे वृत्तपत्रात नवलाने छापायचं तापमान राहिलेलं नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. लॅपटॉपची चिप ९५ ते १०० अंशांपर्यंत तापू दिली जाते, त्यापुढे यंत्र स्वतःच वेग उतरवतं. पंखा गरम हवा बाहेर टाकतो, पण किती टाकू शकतो ते चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या अंतरावर ठरतं. खोली २५ अंशांवर असेल तर हे अंतर ७५ पर्यंत जातं, ४० वर असेल तर ६० च उरतं. म्हणजे तेच यंत्र, तेच पंखे, आणि उष्णता काढायची ताकद पाचव्या हिश्श्याने कमी. चाचणीत ७० फ्रेम देणारा पातळ लॅपटॉप इथे मे महिन्यात धापा टाकतो याचं कारण हे. म्हणून बीडमध्ये घेताना जाड, जड, मागून आणि बाजूने दोन्हीकडून हवा सोडणारा लॅपटॉप घ्यावा. अडीच किलो वजन पाठीला लागतं हे खरं, पण अर्ध्या इंचाची नजाकत इथल्या उन्हात टिकत नाही.

आणि धूळ. त्यातही कापूस. भाव वाढेल या आशेने जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मधली खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते आणि पोरगा तिच्याच शेजारी खेळत बसलेला असतो. लॅपटॉप दुरुस्तीला उघडला की पंख्यामागच्या तांब्याच्या बारीक पात्यांवर राखाडी गादी बसलेली दिसते. धूळ आणि तुसांची ती पट्टी चिमट्याने धरली तर अखंड निघते. हवा जायला वाटच राहिलेली नसते. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि उन्हाळा लागण्याआधी, ओळखीच्या कारागिराकडून पंखे साफ करून घ्यावेत आणि दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलावी. लॅपटॉप गादीवर, रजईवर ठेवून खेळू नये. मागच्या बाजूला दोन इंच उंची दिली तरी खालून हवा मिळते. काहीजण कूलरसमोरच ठेवतात. हवा गार मिळते, पण बोअरच्या पाण्याचे क्षारयुक्त तुषार आत गेले तर सर्किटला बाधतात. बाजूला चार-पाच फूट अंतरावर बसावं. खेळातली फ्रेमची संख्या साठवर बांधून ठेवली तरी उष्णता बरीच कमी होते, आणि त्याला पैसा लागत नाही.

वीज हा दुसरा गुंता. ज्या जिल्ह्यात परळीसारखं औष्णिक वीज केंद्र आहे तिथल्या माणसाला विजेची वाट बघावी लागते, यावर विनोद करून लोक थकले. गेमिंगच्या लॅपटॉपची बॅटरी खेळायला नसतेच. सॉकेटमधून काढला की कार्डाला मिळणारे वॅट एकदम खाली येतात आणि खेळ रखडतो. बॅटरीचा उपयोग वीज गेल्यावर काम जपून ठेवायला. इन्व्हर्टरवर खेळायचं म्हटलं तर दोनशे वॅट ओढणारा लॅपटॉप म्हणजे छताच्या जवळपास तीन पंख्यांचा भार. आजी-आजोबांच्या डोक्यावरचा पंखा मंदावला की घरात जो संवाद होतो त्यात टीजीपीचा उल्लेख नसतो. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅडॉप्टर घुमतो, तापतो. साइन वेव्ह नसेल तर त्यावर मोठा अ‍ॅडॉप्टर लावू नये. राऊटरला मात्र एक छोटा मिनी यूपीएस घ्यावा, कारण लॅपटॉप जिवंत आणि नेट मेलेलं अशी अवस्था जास्त वेळा येते.

कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजला लोक घाबरतात, पण बहुतेक अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट सांभाळून घेतात. वीज परत येतानाचा झटका जास्त वाईट. गेली की पिन काढून ठेवावी. त्याहून दुर्लक्षित गोष्ट अर्थिंगची. "लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात" ही तक्रार दुकानात नेहमीची, आणि लोक यंत्र बदलून मागतात. दोष सहसा भिंतीत असतो. अ‍ॅडॉप्टरच्या आत विद्युत गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांतून निसटणारा अगदी थोडा प्रवाह तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा असतो. जमिनीचा रस्ता नसेल तर तो धातूच्या अंगावर येऊन थांबतो. टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो. जुन्या घरांत तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नसते, किंवा पिन बसत नाही म्हणून कोणीतरी दोन पिनांचा जोड लावलेला असतो. वायरमनला बोलावून खड्डा, पत्रा, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घ्यावं आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. लाखाच्या यंत्राआधी हा खर्च करावा असं मी आग्रहाने सांगेन.

तिसरा मुद्दा दुरुस्तीचा, आणि इथे ब्रँडच्या भक्तांशी माझं पटत नाही. आसुसचा टफ, लेनोवोचा लॉक, एचपीचा व्हिक्टस, एसरचा नायट्रो हे सगळे एकाच पट्टीतले आहेत. एकाच किमतीच्या दोघांत मॉडेलमॉडेलचा फरक असतो, घराण्याचा नसतो. मग निवड सेवेवर करावी. कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून बघावा. बीड शहराच्या ४३११२२ ला घरपोच दुरुस्ती मिळत असेल, पण तीच शिरूर कासार किंवा धारूरच्या पिनकोडला मिळेलच असं नाही. 'ऑनसाईट' (कारागीर घरी येतो) आणि 'कॅरी-इन' (यंत्र आपण न्यायचं) या शब्दांच्या फरकात संभाजीनगरच्या फेऱ्या लपलेल्या असतात. मुलगा पुण्याला राहणार असेल तर त्याच्या खोलीचा पिनकोडही तपासावा. एका वर्षाची वॉरंटी दोन-तीन वर्षांची करून घेणं आणि अपघाती नुकसानीचं संरक्षण जोडणं, एसटीच्या गर्दीतून प्रवास करणाऱ्या यंत्रासाठी हे पैसे वाया जात नाहीत.

साठवणुकीचं गणित लवकर आटपतं. जीटीए फाइव्ह एकटा शंभर जीबीच्या आसपास जागा खातो. ५१२ जीबीत विंडोज आणि तीन मोठे खेळ बसले की संपलं, म्हणून एसएसडीची दुसरी रिकामी जागा आहे का ते विचारावं. रोज दोन जीबीच्या रिचार्जवर शंभर जीबी उतरवायला पन्नास दिवस लागतील. घरात फायबर किंवा एअरफायबर नसेल तर कॉलेजच्या गावीच खेळ उतरवून आणावा. पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या फुकटच्या प्रतींबरोबर काय काय येतं ते बँकेचा ओटीपी त्याच यंत्रावर वापरणाऱ्याने लक्षात घ्यावं.

जुना घ्यायचा का? घ्यावा, पण तारीख बघून. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याच महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स १०५०, १०६० च्या पिढीला खेळांसाठी नवे ड्रायव्हर देणं थांबवलं. ते लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. जीटीएक्स १६५० अजून यादीत आहे, पण चार जीबीचंच. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतात; जुगाडाने विंडोज ११ चढवलेल्या यंत्रावर तो सुरूच होत नाही. पाहताना लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवावा. तो डोलत असेल किंवा टचपॅड वर आलेला असेल तर बॅटरी फुगली आहे. कायम चार्जिंगला लावून उन्हात तापवलेल्या यंत्रांचं हेच होतं, म्हणून नव्या यंत्रातही चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवायची सोय लगेच सुरू करावी.

रॅमच्या भावामुळे किमती हलत्या आहेत, तरी ढोबळ सांगायचं तर पन्नास हजारांच्या आतबाहेर अंगभूत ग्राफिक्सचा चांगला लॅपटॉप, साठ-सत्तर हजारांत सहा जीबीचं ३०५०, पाऊण लाख ते नव्वद हजारांत पूर्ण वॅटचं ४०५० किंवा ५०५०, आणि लाखाच्या पुढे ४०६० किंवा ५०६०. सल्ला विचारला तर मी तिसऱ्या पायरीवर थांबायला सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची मुकादमाकडून मिळणारी उचल ज्या रकमेच्या घरात असते, त्याच घरात ही किंमत आहे. या जिल्ह्यात तो हिशेब कोणाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खरेदीला नवरात्र-दिवाळीचे ऑनलाईन सेल बरे, पण कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो, तेव्हा मधे हप्ते येतातच. 'नो-कॉस्ट' हप्त्यात रोखीची सूट गेलेली असते, प्रक्रिया शुल्क लागतं आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा निघतो. सगळं धरून रोखीच्या भावाशी ताडून बघावं. सुभाष रोडचा दुकानदार ऑनलाईनपेक्षा दोन-तीन हजार जास्त सांगत असेल आणि बिघाड झाल्यावर यंत्र स्वतः सेवा केंद्राला पाठवायची हमी बिलावर लिहून देत असेल, तर मी त्याच्याकडून घेईन. ऑनलाईन घेतल्यास खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढावा, बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत यंत्रावर दोन तास सलग खेळून बघावं, तेही दुपारी, पंखा नेहमीच्या वेगावर ठेवून. बिल आणि खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्यावं. बिलावर नाव मुलाचं घालावं, कारण सेवा केंद्रात तोच जाणार आहे.